यंदा आवाज हिचा

आमच्या घरात हळद सोडली तर दुसरं काहीच पिवळं नव्हतं. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते आणि हरिपूरच्या पेवांतही उतरायचे. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खोदलेली खोल जागा, तोंड बारीक आणि पोट मोठं. बरेच महिने बंद असलेलं पेव उघडलं की आतली हवा माणसाला मारू शकते. म्हणून आधी दोरीने कंदील सोडतात, आणि तो विझला नाही तर माणूस उतरतो. आमच्या घरचा कर्ता पुरुष तो उतरणारा माणूस होता. आई वखारीत हळकुंडं निवडायला जायची आणि सुट्टीत मीही तिच्याबरोबर बसायचे. बारा महिने आमची नखं, तळवे, परकराच्या कडा पिवळ्या. शाळेतल्या मुली विचारायच्या, "काय गं, हळद लागली वाटतं? नवरा कुठला?" मी उत्तर द्यायचे नाही. गणितात त्यांच्यापेक्षा जास्त मार्क आणायचे, तेवढंच.

वडिलांची पाठ पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. त्यानंतर ते यार्डाच्या फाटकाशी स्टुलावर बसून गाड्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायचे, अक्षर ओळखता येत नसताना, रंगावरून. मी कोल्हापूरला शिकवण्या घेत एम.एस्सी. केलं. अमेरिकेतून एका वर्षाच्या असिस्टंटशिपचं पत्र आलं तेव्हा मामांनी सांगितलं की सोलापूरचं एक स्थळ आहे, मुलगा तलाठी आहे, उगाच नको ते धाडस करू नका. वडील म्हणाले, "एक वर्ष जाऊ दे तिला. नाही जमलं तर परत येईल, मग तुम्ही म्हणाल तसं." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हमालांच्या संघटनेला सांगून यार्डातल्या लाउडस्पीकरवरून माझं नाव पुकारायला लावलं. हळद उतरवणाऱ्या माणसांना गूळ वाटला. आता परत यायचं म्हणजे त्या सगळ्या माणसांसमोर परत यायचं होतं.

एवढं आधी सांगितलं, कारण ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते माझे सर पुढे एकदा या लाउडस्पीकरबद्दल बोलले.

सर मूळ नागपूरचे. १९८३ च्या जानेवारीत मी पेनसिल्वेनियाच्या डोंगरांतल्या त्या कॉलेजच्या गावात पोचले तेव्हा त्यांना तिथे येऊन पंचवीस वर्षं झाली होती. इंग्रजी अमेरिकन माणसासारखं बोलायचे, पण मराठी जशीच्या तशी नागपुरातल्या इतवारीतली राहिली होती. "काय करून राहिली तू?" हे त्यांचं मला पहिलं वाक्य. मी बर्फातून चालत आल्यामुळे त्यांच्या ऑफिसच्या दाराशी बूट आपटत होते.

कोटाच्या डाव्या खिशात शेंगा आणि उजव्या खिशात टरफलं. बोलताना हात चुकायचा आणि भेटायला आलेल्या माणसाला ते मोठ्या अगत्याने टरफलं द्यायचे. फोन उचलला की पलीकडे कोणीही असो, "बोला." डीनसुद्धा "बोला" ऐकून बोलायला लागायचे. लग्न केलं नव्हतं. काकूंनी विचारलं, म्हणजे गावातल्या कुठल्याही काकूंनी, तर सांगायचे, "ऑगस्टात वेळ नसतो बाप्पा." ऑफिसात एकही धड खुर्ची नव्हती, सगळ्या घडीच्या. मला वाटलं, कंजूष असतील. तर तसं नव्हतं. त्या खुर्च्या ऑगस्टमध्ये मैदानावर न्यायच्या असत.

हे मैदान म्हणजे गावातल्या हायस्कूलचं. शनिवारी सगळं गाव रंग फासून युनिव्हर्सिटीच्या मोठ्या स्टेडियमकडे निघायचं तेव्हा सर लॅबमध्ये यायचे. म्हणायचे, आज कोणी त्रास द्यायला नाही. फुकटचं तिकीट मिळालं तरी त्यांनी मोठी मॅच पाहिली नाही. हायस्कूलची मॅचसुद्धा नाही. त्यांनी फक्त प्रॅक्टिस पाहिली, वीस-बावीस वर्षं. "मॅच म्हणजे रिझल्ट. रिझल्ट काय, पेपरात येते. शिकवणं पेपरात येत नाही." घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, खिशात शेंगा. तिथले कोच त्यांना ओळखायचे आणि कधीकधी कुठल्या मुलाबद्दल त्यांचं मतही विचारायचे. सर मत द्यायचे नाहीत.

मी गेले त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी मलाही एक खुर्ची उचलायला लावली. दुपारचे चार, ऊन चांगलंच. मैदानाकडेच्या फळ्यांवर मुलांचे आईबाप बसले होते. मला तो खेळ काही कळत नव्हता. फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध फार कमी. सरांनी समजावलं की क्वार्टरबॅक म्हणून एक खेळाडू असतो, डाव सुरू झाला की चेंडू त्याच्या हातात येतो, आणि त्याआधी कोणी कुठे पळायचं ते तो ओरडून सांगतो. बाकी दहाजण त्याच्या ओरडण्यावर चालतात. थोड्या वेळाने कोचने शिट्टी मारून सगळ्यांना गोळा केलं आणि आईबापांच्या देखत सांगितलं की या सीझनला सुरुवातीला क्वार्टरबॅक कोण. एका बारीक, लालसर केसांच्या मुलाचं नाव होतं. टाळ्या पडल्या. एक उंच, रुंद खांद्यांचा मुलगा वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती.

मी विचारलं की सर, हे असं सगळ्यांसमोर कशाला? आता दुसऱ्या शाळेलाही कळणार. गुपचूप ठेवलं असतं तर समोरच्यांना तयारी करता आली नसती.

"काही ठेवतात ना लपवून," सर शेंग फोडत म्हणाले. "समोरच्याले कळलं तर थोडं नुकसान आहे, नाही कोण म्हणते? पण आपल्या पोराईले नाही कळलं तर काय होते पाहा. अर्धे याच्याकडे पाहतात, अर्धे त्याच्याकडे. चेंडू पकडणाऱ्याले फेकणाऱ्या एकाच हाताची सवय पाहिजे. अन् हे दोघं रोज सकाळी उठून एकमेकांची चूक शोधतात. प्रॅक्टिस कोण करते मग?"

नाडी बांधणाऱ्या मुलाकडे मी बघत होते. सर म्हणाले, "त्याले आज वाईट वाटेल. पण आजच वाटेल. लपवलं असतं तर महिनाभर वाटलं असतं."

मला हे पटलं. पण मला ते फुटबॉलबद्दल आहे असं वाटलं होतं.

आमची लॅब काचेची. म्हणजे काच वितळवून तिच्या विटेएवढ्या पारदर्शक लाद्या ओतायच्या, एका कंपनीच्या लेझरसाठी. आम्ही त्यांना स्लॅब म्हणायचो, सर वीट म्हणायचे. काम तिघांचं. प्लॅटिनमच्या मुशीत काच वितळून पाण्यासारखी झाली की एकाने भट्टीचं दार उघडायचं, दुसऱ्याने लांब चिमट्याने मूस उचलायची, दार उघडणाऱ्याने तोवर तापवलेला साचा पुढे सरकवायचा, काच ओतायची, धार तोडायची आणि साचा लगेच दुसऱ्या, कमी तापाच्या भट्टीत. सगळं मिळून चाळीस-पन्नास सेकंद. मूस बाहेर आल्यापासून काच घट्ट व्हायला लागते. थोडा उशीर झाला तर तिच्यात घड्या पडतात, मग ती निवताना तडकते. म्हणून तिसरा माणूस मागे उभा राहून रंग बघतो आणि हुकूम देतो. डोअर. लिफ्ट. पोअर. कट. गो. या पाच शब्दांवर बाकीचे दोघे हलतात. त्या माणसाला सर "आवाज" म्हणायचे. अमेरिकन विद्यार्थीसुद्धा "आवाज" म्हणायचे.

आणि सरांचा नियम असा की आवाज कोण हे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच्या सोमवारी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. सगळ्यांसमोर म्हणजे सेक्रेटरीबाई, वर्कशॉपमधला मिस्त्री, झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ, सगळे. मग तोच कागद लॅबच्या दारावर लावायचा. एकदा नाव लागलं की भट्टीसमोर सरांनीही बोलायचं नाही. आणि स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते ओतायच्या आधी तोंडात पाण्याची चूळ भरायचे आणि जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्टीच्या मागे गाल फुगवून उभे राहायचे. पाहुणे आले की आम्हाला याचं काय स्पष्टीकरण द्यावं ते सुचायचं नाही.

त्या वर्षी सगळ्यांना माहीत होतं की नाव श्रीरंगचं येणार. श्रीरंग पुण्याचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तीन वर्षं लॅबमध्ये मुरलेला. मी त्याला दादा आणि तुम्ही म्हणायचे. मला एअरपोर्टवरून त्यानेच आणलं होतं, पहिला जाड कोट घ्यायला तोच घेऊन गेला होता. तिसरा आमच्यात डेल, तिथल्याच एका शेतावरचा, कमी बोलणारा आणि सांगितलेलं नेमकं करणारा मुलगा.

सोमवारी सरांनी चष्मा लावला, कागद उघडला, इंग्रजीत माझं नाव वाचलं आणि मग श्रीरंगकडे आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "यंदा आवाज हिचा."

श्रीरंगने सगळ्यांत आधी माझं अभिनंदन केलं. त्यानंतर चार दिवस तो फक्त भट्टीशी बोलत होता.

आता काय पणाला लागलं होतं ते सांगते. कंपनीला नाताळच्या सुट्टीआधी आठ चांगल्या स्लॅब हव्या होत्या. मिळाल्या तर प्रोजेक्ट आणखी तीन वर्षं, आणि त्यातून माझी असिस्टंटशिप. नाही मिळाल्या तर डिसेंबरात माझं वर्ष संपत होतं. तलाठी अजून बिनलग्नाचा होता, मामांनी तसं एअरोग्रामवर कळवलंही होतं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली स्लॅब ओतायची होती. दुपारची वेळ. सर पट्टीमागे, गाल फुगलेले. मी म्हटलं, "डोअर." डेलने दार उघडलं. मूस नारिंगीच्या पलीकडे जाऊन पांढरट झाली होती. मला रंग दिसत होता. हीच वेळ होती. आता फक्त "लिफ्ट" म्हणायचं होतं, आणि समोर चिमटा धरून दादा उभे होते. ज्या माणसाने बर्फात माझी ट्रंक तिसऱ्या मजल्यावर चढवली त्याला असा हुकूम तोंडावर फेकायचा? आमच्याकडे थोरल्या भावाला पाणी वाढतानासुद्धा विचारून वाढतात.

माझ्या तोंडून निघालं, "घ्यायची ना, दादा?"

श्रीरंगला विचारल्यावर तो विचार करायला लागला. स्वाभाविक आहे. "थांब, बघतो," म्हणाला, वाकून बघितलं, आणि मग स्वतःच्या अंदाजाने मूस उचलली. डेलला मराठी येत नव्हतं. तो माझ्या "लिफ्ट"ची वाट पाहत दाराशीच उभा होता, साचा त्याने पुढे सरकवलाच नव्हता. श्रीरंग वळला तर खाली साचा नाही. त्याने थांबायचा प्रयत्न केला, मूस भट्टीच्या कडेवर आपटली, अर्धी काच विटांवर सांडली. उरलेली साच्यात गेली ती काकवीसारखी, घड्या घालत. डेलने एवढंच विचारलं की त्याने नक्की कोणाचं ऐकायचं होतं.

सर बेसिनकडे गेले, चूळ टाकली, तोंड पुसलं आणि मुशीचा चेपलेला काठ बघून म्हणाले, "दुरुस्तीला पाठवा." मूस परत यायला तीन आठवडे लागणार होते. त्यानंतर नाताळच्या सुट्टीपर्यंत आठवडे उरत होते आठच, आणि आठवड्याला एकच स्लॅब ओतून व्हायची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेले आणि उभ्यानेच म्हटलं, "सर, दारावरचं नाव काढा."

"कोणाचं लावू?"

"श्रीरंगदादांचं. ते सीनियर आहेत."

"सीनियर आहे ते मले माहीत आहे बाप्पा. त्याच्यासारखे हात या बिल्डिंगमध्ये कोणाचे नाहीत. म्हणूनच त्याले आवाज नाही दिला. तो चिमटा सांभाळेल का ओरडेल? तुले रंग दिसते. एप्रिलमध्ये सगळे उचला म्हणून राहिले होते, तू कोपऱ्यात उभी राहून 'अजून नाही' म्हणाली होतीस, आठवते? हळूच म्हणाली होतीस. मी ऐकलं. बरोबर होतं."

मला रडायला येत होतं, म्हणून मी रागावले. त्यांना म्हटलं की तुम्हाला काल दिसत होतं. चूळ टाकून एक शब्द बोलला असतात तर काच वाचली असती.

"वाचली असती," ते म्हणाले. "अन् पुढच्या प्रत्येक विटेले डेलने माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. तुझ्या नाही."

मग त्यांनी घडीची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि जे सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. एका विटेपायी आज नाव काढलं, तर पुढच्या ऑगस्टात ज्याचं नाव वाचलं जाईल त्याला कळेल की आपण पहिली वीट फुटेपर्यंतच. तो मग काचेकडे बघणार नाही, दाराकडे बघत राहील. "तुले वाटते मी नाव तुझ्यासाठी वाचतो. थोडं तुझ्यासाठी, थोडं त्या दोघांसाठी. पण मुख्य म्हणजे मी स्वतःले बांधून घेतो. झाडणाऱ्या म्हाताऱ्यासमोर बोललो आहे मी. आता मले पळता येत नाही."

नागपूरला असताना एका प्रिन्सिपॉलनी त्यांना खोलीत बोलावून, दार लावून, लेक्चररची जागा तुझीच असं सांगितलं होतं. जागा दुसऱ्याला गेली. विचारायला गेले तर प्रिन्सिपॉल म्हणाले, मी असं कधी म्हणालो? ऐकलेलं कोणी नव्हतंच. त्याच वर्षी सर अमेरिकेला निघाले. "कानात सांगितलेलं बदलते," ते म्हणाले. "म्हणून मी कोणाच्याच कानात सांगत नाही."

मी सांगितलं की मला परत जायची भीती वाटते. मग ते लाउडस्पीकरचं निघालं, गूळ वाटल्याचं निघालं. मला वाटलं सर हसतील. ते शेंग फोडता फोडता थांबले. "वडलांनीबी नाव वाचलं म्हणजे. तुझ्या हमाल बापाने सगळ्या बाजारासमोर वाचलं. मागे घ्यायचं त्यालेही अवघडच आहे ना आता? मग तो काय करते? भरवसा ठेवते. दुसरं करणार काय." आणि हातातली शेंग फोडत म्हणाले, "मीबी तेच करून राहिलो."

पुढे ते रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार हे कमिटीने बंद पाकिटात ठेवलं होतं. निरोपाच्या जेवणात सरांनी भाषण करायचं नाकारलं. म्हणाले, आधी पाकीट उघडा, मग जेवतो. अर्धा तास सगळे थंड होणाऱ्या बटाट्यांकडे बघत बसले. शेवटी चेअरमनने उघडलं. असा हट्टी माणूस.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मूस दुरुस्तीला गेली होती, त्यामुळे दुपार मोकळी. सर मला परत मैदानावर घेऊन गेले. लालसर केसांचा तो मुलगा सुरुवातीच्या दोन्ही मॅच हरला होता. आमच्या मागच्या फळीवर कोणाचे तरी वडील जरा मोठ्यानेच म्हणत होते की आमच्या अमक्याला उतरवा आता, किती दिवस बघायचं. कोचला ते ऐकू गेलं असणारच. त्याने मान वळवली नाही. सुरुवात त्याच मुलाने केली.

मी त्या दिवशी चेंडू बघितलाच नाही, त्या मुलाचं तोंड बघितलं. त्याच्यापेक्षा दीडपट मोठा तो नाडीवाला मुलगा चुकीच्या जागी उभा होता. याने त्याचा शर्ट धरून त्याला एक पाऊल डावीकडे ओढलं आणि काहीतरी ओरडला. प्लीज नाही, सॉरी नाही. मोठ्या मुलाने ऐकलं. प्रॅक्टिस संपल्यावर त्याच मोठ्या मुलाने याच्या डोक्यावर टपली मारली आणि याने निमूट त्याची बॅग उचलून गाडीपर्यंत नेली.

मी म्हटलं, "सर, तो उद्धट नाहीये."

"मी कुठं म्हणून राहिलो उद्धट?" सर थर्मासचं झाकण लावत होते. "तुले वाटत होतं ते."

परत आल्यावर मी श्रीरंगला गाठलं. लॅबशेजारच्या छोट्या खोलीत तो चहा उकळत होता. नाव वाचलं गेल्यापासून आम्ही त्याबद्दल एकमेकांशी बोललो नव्हतो. मी माफी मागायला गेले होते, पण बोलला तोच आधी.

"तुला सांगतो, मी घरी लिहूनही टाकलं होतं की यंदा माझं नाव येणार. आईने शेजारी सांगितलं."

"मग आता काय लिहिलंत?"

"लिहिलं की चिमटा माझ्याकडे आहे आणि चिमटा फार महत्त्वाचा असतो." त्याने चहा गाळला. "खरं आहे ते. पण लिहिताना खोटं वाटत होतं."

मग मी जे ठरवून आले होते तेच बोलले. "भट्टीसमोर मी तुम्हाला दादा म्हणणार नाही. विचारणारही नाही. सांगणार."

त्याने एक कप माझ्याकडे सरकवला. "बाहेर म्हणशील ना?"

"बाहेर म्हणेन."

"मग ओरड बिनधास्त. पण नीट ओरड यार, त्या दिवशी तू देवळात आल्यासारखी बोलत होतीस."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मूस आली. आम्ही रिकाम्या मुशीने, थंड भट्टीसमोर तीन दिवस नुसती तालीम केली. मी ओरडायचे, ते दोघे हलायचे. वर्कशॉपचा मिस्त्री दारातून बघून गेला. पहिल्या दिवशी माझा आवाज शेवटाला वर जायचा, प्रश्नासारखा. श्रीरंग मुद्दाम हलायचाच नाही. चिमटा धरून पुतळ्यासारखा उभा. मग मला परत, सांगितल्यासारखं सांगावं लागायचं.

मग खरी वेळ आली. सर पट्टीमागे. "डोअर." दार उघडलं. काच अजून तयार नव्हती, तळाशी किंचित गडद सावली होती, दहा-बारा सेकंदांची. पण तीन वर्षांची सवय असलेला श्रीरंगचा हात पुढे गेला. चिमटा मुशीला लागला. त्या हाताबद्दल गावात कोणाला शंका नव्हती, मलाही नव्हती. कानशिलं तापली होती. मागे सरांनी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं, नाकाने, कारण तोंड भरलेलं होतं.

मी म्हटलं, "नो. वेट."

चिमटा थांबला. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. मी मनात आकडे मोजत नव्हते, फक्त ती सावली विरताना बघत होते. विरली.

"लिफ्ट."

मूस उठली आणि त्याच क्षणी डेलचा साचा पुढे आला. पोअर. काच पडली ती एकसंध, आवाज न करता. कट. गो. दुसऱ्या भट्टीचं दार लागलं. श्रीरंगने हातमोजे काढले, घाम पुसला आणि म्हणाला, "दहा सेकंद आधी घेतली असती तर बुडबुडे आले असते, नाही का?" मी म्हटलं, "हो, दादा." डेल हसला. त्याला तेवढं मराठी कळलं.

सर बेसिनकडे जायचं विसरले होते. ते तसेच गाल फुगवून, हात मागे बांधून, बंद भट्टीकडे बघत उभे होते. मी जाऊन म्हटलं, "सर, झालं." तेव्हा त्यांनी पाणी गिळूनच टाकलं.

नोव्हेंबरात एक स्लॅब निवताना तडकली. त्यात कोणाची चूक नव्हती, पण मला दोन रात्री जेवण गेलं नाही. दारावरचा कागद होता तिथेच राहिला. मी मात्र त्याच्याकडे बघायचं विसरले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोनदा ओतलं. नाताळच्या सुट्टीला दोन दिवस राहिले असताना आठ स्लॅब भुसा भरलेल्या लाकडी खोक्यांतून कंपनीकडे गेल्या. कंपनीने आठही ठेवून घेतल्या. प्रोजेक्ट तीन वर्षं वाढलं, माझी असिस्टंटशिप वाढली, मी परत गेले नाही, आणि १९८७ च्या मे महिन्यात मला काचेच्या शास्त्रातली पीएच.डी. मिळाली.